दोनशें तासांचा वैमानिक

यवतमाळ शहराला लागून, दारव्ह्याच्या रस्त्यावर, लोहारा हें गांव आहे. एका बाजूस औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस कापसाचीं व तुरीचीं शेतें, आणि दोहोंच्या मध्यें वाढत चाललेली वस्ती, असें त्याचें आजचें रूप आहे. यवतमाळास स्वतःची धावपट्टी आहे; २००९ सालीं ती बारामती, नांदेड, लातूर व धाराशिव येथील धावपट्ट्यांबरोबर एका खासगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या करारानें देण्यांत आली. परंतु नित्याच्या विमानसेवेसाठीं लोहाऱ्याच्या माणसाला नागपूर गांठण्याची संवय आहे, आणि एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची त्यांत भर पडली आहे.

अशा गांवांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. वडील शाळेंत शिक्षक, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी, वडिलोपार्जित पांच एकर वावर, आणि बारावीला पदार्थविज्ञान व गणित घेऊन उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेली मुलगी. तिनें वैमानिक होण्याचें मनांत घेतलें आहे. तिच्या वाचनांत आलेलें असतें कीं, २०२३ च्या फेब्रुवारींत एअर इंडियानें ४७० विमानांची आणि त्याच वर्षीं जूनमध्यें इंडिगोनें ५०० विमानांची मागणी नोंदविली. इतकीं विमानें येणार, तर तीं चालविणारीं माणसेंही लागणारच, हा तिचा तर्क सरळ आहे. खर्च सुमारें अर्धा कोटी रुपये. त्यासाठीं बँकेचें कर्ज, आणि कर्जासाठीं वावर तारण. दीड-दोन वर्षांनीं मुलगी परवाना घेऊन परत येते. पेढे वांटले जातात. मग चार महिने जातात, सहा जातात, आणि एका संध्याकाळीं वडील हलकेच विचारतात, "बाई, परवाना तर मिळाला, मग बोलावणें कां येत नाहीं?" मुलगी म्हणते, "बाबा, माझे तास कमी आहेत."

हे तास म्हणजे काय, याचा उलगडा झाल्याखेरीज या घराची अडचण समजावयाची नाहीं.

वैमानिकाचा अनुभव वर्षांनीं मोजीत नाहींत, तासांनीं मोजतात. भारतांत व्यावसायिक परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. त्यांपैकीं १०० तास उमेदवारानें विमानाची सर्व जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले असावे लागतात. ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, वाटेंत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून, पुरा करावा लागतो. रात्रीचें उड्डाण आणि केवळ उपकरणांच्या आधारें केलेलें उड्डाण हींही त्यांत येतात. हवामानशास्त्र, मार्गदर्शनशास्त्र, हवाई नियम व विमानाचें तंत्र या विषयांच्या परीक्षा निराळ्या, वैद्यकीय तपासणी निराळी, आणि बिनतारी संभाषणाचा परवाना निराळा. एवढें सारें पार पडल्यावर जो कागद हातीं येतो तो नोकरीचा नव्हे. नोकरीसाठीं अर्ज करण्याच्या अधिकाराचा होय.

कारण हे २०० तास बहुधा दोन किंवा चार आसनांच्या लहान विमानांत झालेले असतात. १८० उतारू नेणारें एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवावयाचें, तर त्या त्या जातीच्या विमानाचें स्वतंत्र शिक्षण घ्यावें लागतें. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचा खर्च १५ ते २० लाखांच्या घरांत जातो, आणि अनेकदां तो उमेदवारावरच पडतो.

मग वैमानिकांची टंचाई आहे असें जें नेहमीं ऐकूं येतें, तें खोटें काय? तें खोटें नाहीं. मात्र टंचाई कोणत्या आसनाची, हें कोणी सांगत नाहीं. विमानाच्या पुढच्या कक्षांत दोन आसनें असतात. डाव्या आसनावर कॅप्टन बसतो, उजव्यावर सहवैमानिक. कॅप्टन होण्यास जो वरिष्ठ परवाना लागतो, तो १५०० तासांशिवाय मिळत नाहीं. आणि कंपन्या बहुधा त्याहून पुष्कळ अधिक अनुभव मागतात. वैमानिकास वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करण्यास नियमानें मनाई आहे. म्हणजे कॅप्टन कितीही घाई केली तरी एका वर्षांत घडत नाहीं. खरी टंचाई आहे ती त्या डाव्या आसनाची.

उजव्या आसनापुढें मात्र रांग आहे. २०२२ सालीं देशांत ११६५ व्यावसायिक परवाने दिले गेले. २०२३ सालीं ते १६२२ झाले. शिवाय एका आसनाच्या टंचाईनें दुसऱ्या आसनाची रांग वाढते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नवा सहवैमानिक कामावर घेतला कीं त्याला कित्येक महिने शिक्षक-कॅप्टनच्या शेजारीं बसवून तयार करावें लागतें. असे कॅप्टन मोजकेच, म्हणून नवशिक्यांना आंत घेण्याची गतिही मोजकीच. त्यांतच किंगफिशर २०१२ सालीं, जेट एअरवेज २०१९ सालीं आणि गो फर्स्ट २०२३ सालीं बंद पडली. अशा प्रत्येक वेळीं अनुभवी वैमानिक बाजारांत आले आणि रांगेंत पुढें उभे राहिले. लोहाऱ्याची मुलगी त्या रांगेच्या शेवटीं उभी आहे. तिच्यांत कांहीं उणें आहे म्हणून नव्हे. ती शेवटीं आली म्हणून.

दार न उघडण्याचा हा अनुभव नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला नकोशीं झालेलीं डाकोटा विमानें घेऊन आपल्या देशांत अनेक खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या. त्या काळीं, १९४७ च्या सुमारास, प्रेम माथुर यांनीं व्यावसायिक परवाना मिळविला आणि कंपन्यांकडे अर्ज केले. आठ कंपन्यांनीं त्यांना नकार दिला. नकाराचें कारण तास नव्हते. अर्जदार स्त्री आहे, हें होतें. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलें. पुढें १९८५ सालीं कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखालीं कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर इंडियन एअरलाइन्सचें फॉकर विमान सर्वस्वीं स्त्रियांच्या पथकानें नेलें, तेव्हां त्याची देशभर वार्ता झाली. २०२३ सालच्या १६२२ परवान्यांपैकीं २९३ स्त्रियांचे होते. तात्पर्य, नकार हा पुष्कळदां त्या वेळच्या परिस्थितीचा निकाल असतो, अर्जदाराच्या योग्यतेचा नसतो.

पण योग्यता म्हणजे नुसते तास काय? याविषयीं जगांत एकमत नाहीं. १२ फेब्रुवारी २००९ रोजीं अमेरिकेंत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर तेथें कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी कंपनींतील सहवैमानिकासही सर्वसाधारणपणें १५०० तासांची अट लागली. त्यामुळें तेथील तरुण आधीं विद्यार्थ्यांना उड्डाण शिकवितात, मालाचीं लहान विमानें नेतात, आणि मग मोठ्या विमानाकडे वळतात. परंतु कोसळलेल्या त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते, हेंही विसरतां येत नाहीं.

आपल्याकडे २०० तासांचा उमेदवार एकदम मोठ्या विमानाच्या उजव्या आसनावर बसूं शकतो. म्हणूनच निवडीच्या वेळीं सर्वांचे तास सारखेच असतात, आणि पारख होते ती त्या तासांतून काय उरलें याची. लेखी परीक्षा, मनोवृत्तीची चांचणी, कृत्रिम विमानकक्षांतील उड्डाण आणि मुलाखत, असे तिचे टप्पे असतात. इंजिन बंद पडलें तर प्रथम काय करावें, ढगाचा रंग व आकार काय सुचवितो, सहकाऱ्याची चूक कोणत्या शब्दांत दाखवावी, असे प्रश्न तेथें येतात. अशा वेळीं कांहींना तास फुगविण्याचा मोह होतो. लेखणीनें उडविलेले तास वहींत दिसतात, पण कृत्रिम कक्षांत बसतांच उघडे पडतात. २०११ सालीं खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचीं प्रकरणें बाहेर आलीं, तेव्हां परवाने रद्द झाले आणि अटकाही झाल्या. स्वच्छ उड्डाणवही ही गरीब घरच्या उमेदवाराची मोठी पुंजी आहे.

यापुढें प्रश्न उरतो तो वाट पाहण्याचा. उपकरणांवरील उड्डाणाचा अधिकार व वैद्यकीय दाखला दर वर्षीं नवा करावा लागतो. त्यासाठीं भाड्याच्या विमानांत उड्डाण करावें लागतें, आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहींत. रिकाम्या बसलेल्या हाताचें कौशल्यही लवकर गंजतें. यास्तव आवश्यक अनुभव मिळवून सहाय्यक उड्डाणशिक्षक होणें हा मार्ग अनेकांना हितावह ठरतो. त्यांत तास वाढतात आणि मिळकतही होते. विमान कंपनीच्या उड्डाणनियोजन विभागांत काम करणें हाही कमीपणा नव्हे. टाइप रेटिंगवर पैसा घालावयाचा, तर कोणत्या कंपनींत कोणत्या जातीच्या विमानावर भरती चालू आहे तें पाहून. शक्य तर निवडीचें पत्र हातांत आल्यावरच. न वापरलेल्या रेटिंगची किंमत दिवसेंदिवस उतरते.

विदर्भांत शिक्षणाची सोय पूर्वींपासून आहे. नागपूरचा फ्लाइंग क्लब १९४७ सालचा. गोंदियाजवळ बिरसी येथें मोठी प्रशिक्षणसंस्था निघाली. आणि वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी संस्था बेलोरा येथें उभारण्याचें एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केलें. शिक्षण घराजवळ आलें हें चांगलेंच. पण संस्था वाढल्या कीं रांगही वाढते, आणि प्रवेशाच्या जाहिरातींत रांगेचा उल्लेख नसतो.

म्हणून लोहाऱ्याच्या त्या घरानें वावराच्या कागदांवर सही करण्यापूर्वीं दोन आंकडे मांडावेत. एक शिक्षणाच्या खर्चाचा. तो सर्वच मांडतात. दुसरा, परवान्यानंतरच्या निदान दोन वर्षांच्या प्रतीक्षेचा. तो बहुधा कोणीच मांडीत नाहीं. कापूस पेरणारा शेतकरी बियाण्याची किंमत काढून थांबत नाहीं. पाऊस लांबला तर दुबार पेरणीस काय लागेल, तेंही मनांत धरतो. तोच हिशेब येथें लावावा. दुसरा आंकडा पेलत असेल, तर मुलीला खुशाल पाठवावें. पेलत नसेल, तर एक-दोन वर्षें थांबून, शिष्यवृत्तीची खटपट करून व कर्जाचा भार हलका करून पाठवावें. उशिरा निघालेला वैमानिकही कॅप्टन होतो; पण वावर एकदां गेलें तर तें परत येणें कठीण असतें.