पेट्रोलचा वास आला तर



गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, विक्री यांवर बोलतो. आज गाडीबद्दल बोलू. पापड-मसाले बाजाराला न्यायला काही गट पेट्रोलची व्हॅन ठेवतात, काही भाड्याने घेतात. गाडी कुणीही चालवो, आत आपणच बसतो. म्हणून हे माहीत हवं.

टाकीतलं पेट्रोल पंपाने इंजिनाकडे येतं. तिथे प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर असतो. तो क्षणभर उघडतो, बारीक फवारा सोडतो आणि बंद होतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे १०० फवारे उडतात.

घरचा नळ झटकन बंद केला की पाइप ठक्कन हादरतो ना? तसेच धक्के पेट्रोलच्या नळीत बसतात. ते झेलायला काही गाड्यांत एक छोटी डबी असते. तिला डँपर म्हणतात. डबीत पातळ पडदा असतो. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. दाब वाढला की पडदा मागे सरतो, कमी झाला की पुढे येतो. त्यामुळे आवाज कमी होतो आणि फवारा सारखा पडतो. सगळ्याच गाड्यांना अशी वेगळी डबी नसते. काहींत इंधनाची मुख्य नळीच हे काम करते.

हा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर येतं. नळीतला दाब चाकातल्या हवेपेक्षाही जास्त असतो, आणि शेजारीच इंजिन तापलेलं असतं. ठिणगी पडली तर आग लागते. काही गाड्यांत ते पेट्रोल नळीवाटे इंजिनातच ओढलं जातं. मग काळा धूर येतो, गाडी पेट्रोल जास्त खाते.

म्हणून पेट्रोलचा वास आला तर "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणू नका. गाडी बाजूला घ्यायला लावा, इंजिन बंद करा, सगळ्या जणी उतरून लांब उभ्या राहा. बिडी-काडी जवळ नको. गाडी पुन्हा सुरू करून बघू नका. कुठलीही नळी स्वतः सैल करू नका. इंजिन बंद झालं तरी आत दाब राहतो. मेकॅनिकलाच बोलवा. "डँपर, नळ्या, जोड सगळं तपासा" असं सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिल गटाच्या हिशेबाला लावा.

बाजार एक दिवस चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून निघेल. जीव गेला तर तो नाही.