रंग सगळ्यात शेवटी



सुरुवातीला एक प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी, परसात, गोठ्यात किंवा जिन्याखाली एखादी जुनी मोटारसायकल ताडपत्री पांघरून उभी आहे? हात वर करा. बघा, बरेच आहेत. आणि त्यातले किती जण दर दिवाळीला म्हणतात, "यंदा ही चालू करायचीच"? आता हसू नका, मीही २० वर्षं तेच म्हणत होतो.

मी मेकॅनिक नाही. बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या फौंड्रीत हिशेब लिहितो. वडिलांची येझदी मी दोन वर्षांत चालू केली. त्यासाठी ३५ हजार रुपये ठरवले होते, त्याच्या वर एक रुपया नाही. त्या ३५ हजारांत मी काय शिकलो ते सांगतो, आणि आधी काय चुकलो तेही.

गाडीबद्दल थोडं. चेकोस्लोव्हाकियातली जावा कंपनी १९२९ची. संस्थापकाचं आडनाव यानेचेक आणि त्याने हक्क घेतले ते वाँडरर या जर्मन मोटारसायकलीचे. दोन्हींची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव झालं. आपल्याकडे आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला ही गाडी बनवायला घेतली. १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं. त्याच वर्षी म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

आमची गाडी १९७४ची. बाबा खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. त्यांनी ती १९८२ मध्ये सेकंडहँड घेतली. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किकचा दांडा होतो. नवख्या माणसाला ही गाडी सुरू कशी करायची हेच कळत नाही. शाळेतली पोरं त्यावर पैजा लावायची, असं बाबा सांगतात.

१९९८च्या पावसाळ्यात ती गोठ्यात गेली. बाबा म्हणाले, कारखाना बंद झाला, पार्ट मिळत नाहीत. आम्ही ते खरं मानलं.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी बोनस हातात आला. मी गाडी बाहेर काढली, धुतली, आणि पहिलं काम काय केलं? टाकी आणि दोन्ही मडगार्ड उतरवून रंगाला दिले. हँडल, रिम आणि सायलेन्सर क्रोमला दिले. १२,४०० रुपये. मनात एक चित्र होतं, चकचकीत गाडी आणि शेजारी मी. आठ दिवसांनी टाकी आली, आरशासारखी. बाबांना दाखवली. त्यांनी बोटाने टाकीची कड चाचपली आणि विचारलं, "पट्टा काढलास काय?"

कुठला पट्टा? तर १९८६ मध्ये मलप्रभेच्या काठावर गाडी घसरली होती. टाकीला पोचा आला, रंग उडाला. पेंटरला द्यायला पैसे नव्हते म्हणून बाबांनी स्वतः ब्रशने त्यावर पांढरा पट्टा ओढला होता, सोनेरी कडेसकट. मला तो नेहमी वेडावाकडा वाटायचा. पेंटरने सगळं पत्र्यापर्यंत घासून, पोच्यात लांबी भरून सपाट केलं होतं. बाबा पुढे काही बोलले नाहीत. "छान झालीय," म्हणाले आणि आत गेले.

वर आणखी एक गोष्ट. इंजिन जाम होतं. म्हणजे १२,४०० रुपये घालून मी न चालणारी गाडी चकचकीत केली होती. हातात २२,६०० उरले होते.

मग मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्य जावा-येझदीत गेलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नवरीला मुंडावळ्या बांधल्यास, पण तिला उठून चालता येतंय काय, ते कोण बघणार?" मी म्हटलं, किती खर्च येईल? ते म्हणाले, "एवढी गडबड कशाला करूलास? रविवारी ये. हात तुझे, डोकं माझं. मजुरी लागणार नाही."

पुढचे ४० रविवार मी त्यांच्याकडे होतो. पैसे असते तर मी गाडी त्यांच्या दारात टाकून घरी आलो असतो.

पहिला धडा कागदांचा. चाचांनी पान्याला हात लावण्याआधी आरसी बुक मागितलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं कधीच संपलं होतं. दंड, तपासणी, विमा असं सगळं लागणार होतं. तपासणीत चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून बघतात. फ्रेम रंगाला देताना त्या आकड्यांत लांबी भरली गेली तर पुढचा सगळा त्रास तुमचा. आणखी एक. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मला ती रोज चालवायची होती, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. दिल्लीकडून ऐकणाऱ्यांनी जुन्या गाड्यांचे तिथले निर्बंध आधी बघावेत, मगच खर्चाला हात घालावा.

दुसरा धडा जाम इंजिनाचा. किकवर नाचू नका. आतले दाते तुटले तर खर्च दुप्पट. आम्ही प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठ दिवस विसरून गेलो. मग गाडी वरच्या गिअरात टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवलं. तिसऱ्या रविवारी पिस्टन केसभर सरकला. मी ओरडलोच. चाचा म्हणाले, "ओरडू नको, पुसून घे."

तिसरा धडा मोजण्याचा. हा मला हिशेबनीस म्हणून फार आवडला. चाचा एकही पार्ट 'जुना आहे' म्हणून बदलत नसत. मापात बसत नाही असं दिसलं तरच बदलायचा. सिलिंडर मोजला, तो झिजून अंडाकृती झाला होता. म्हणून लेथवर बोअर मारून घेतला आणि पुढच्या मापाचा पिस्टन घातला. गिअर मोजले, ते ठीक होते, पुसून परत ठेवले. ब्रेकचे शू नवे घेतले नाहीत, जुन्यांवरच नवे लायनर चढवले. केबली बनवून घेतल्या. बाजारात जाताना प्रत्येक वेळी जुना पार्ट खिशात. नुसत्या नावाने मागितला तर दुसऱ्याच मॉडेलचा गळ्यात पडतो. आणि 'पार्ट मिळत नाहीत' हे पूर्ण खरं नव्हतं. ही गाडी इतकी वर्षं, इतक्या सारख्या अंगाने बनत राहिली की तिचे बरेच पार्ट आजही छोटे कारखानदार बनवतात. रबराचे तेवढे बघून घ्यावे लागतात.

टाकी आतून गंजली होती. बाहेर आरसा, आत तपकिरी पूड. तिच्यात मूठभर नट घालून हलवली, दोन दिवस व्हिनेगर भरून ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि लगेच ऑइलचा हात फिरवला. नवा रंग जपत हे सगळं करताना मला दर मिनिटाला माझी अक्कल आठवत होती. हे काम आधीचं होतं, रंग नंतरचा.

आता मुख्य गोष्ट.

वायरिंग करायची वेळ आली. या गाडीला दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे असतात. हे डबे मी रंगाला दिले नव्हते. कारण एवढंच की पैसे कमी पडले. पुढच्या महिन्यात देऊ म्हणून ठेवले. डावा डबा गंजून बसला होता. डिझेल सोडून सोडून एकदाचा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांचं अक्षर. बारीक ब्रशने, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली यादी. १९८२ पासून. तारीख, किलोमीटर, काय केलं. 'ऑइल बदललं.' 'साखळी.' 'पॉइंट घासले.' फळ्यावर लिहावं तसं एकाखाली एक, सरळ रेषेत.

शेवटची ओळ जून १९९८ची. 'क्लचकडचं सील गेलं. पुढच्या पगाराला.'

त्याखाली काही नाही.

हे सील काय असतं ते सांगतो, कारण टू-स्ट्रोकचं सगळं मर्म त्यात आहे. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या कोठीत, क्रँककेसमध्ये जातं. तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून ती कोठी हवाबंद हवी. क्रँकच्या दोन टोकांना दोन रबरी सील ते काम करतात. क्लचकडचं सील कडक झालं की इंजिन गिअरचं ऑइल ओढून घेतं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. डायनामोकडचं गेलं की बाहेरची हवा घुसते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणजे छोटीशी रबरी चकती, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून गाडी दामटली तर इंजिन जातं. बाबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गाडी उभी केली.

आणि 'पुढच्या पगाराला' का आलं नाही, तेही मला ठाऊक होतं. जून १९९८ मध्ये माझं पुण्याला कॉलेजात ॲडमिशन झालं होतं. होस्टेलचे पैसे भरायचे होते.

मी ते झाकण बाबांना दाखवायला लगेच नेलं नाही. आधी चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून अख्खी यादी वाचली आणि म्हणाले, "मास्तरांनी सगळं लिहून ठेवलंय की. आपण उगाच शोधत बसलो." खरंच, क्लच उघडल्यावर तेच सील लाकडासारखं कडक निघालं. दोन्ही सील बदलली, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचा किट घातला.

मला त्या दिवशी जे कळलं ते असं. माझ्याकडे आणखी पाच हजार असते तर तो डबाही घासून, लांबी भरून, चकचकीत होऊन आला असता. ते अक्षर पेंटरच्या दुकानात जमिनीवर पूड होऊन पडलं असतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं. पैसे होते तेव्हा मी पट्टा घालवला. पैसे संपले म्हणून यादी वाचली. कमी बजेटची मला लाज वाटत होती. त्या गाडीची राखण त्या कमी बजेटनेच केली.

हिशेब सांगतो, सवय आहे. रंग आणि क्रोम १२,४००. बोअर, पिस्टन, रिंग ४,६००. बेअरिंग, सील, गॅस्केट, रॉड किट ४,९००. टायर-ट्यूब ४,२००. लायनर आणि केबली १,४५०. बॅटरी, वायर, पॉइंट, कंडेन्सर, प्लग २,६५०. रॉकेल, सँडपेपर, नटबोल्ट असं किरकोळ १,३००. कागद, दंड, विमा ५,२००. एकूण ३६,७००. ठरवल्यापेक्षा १,७०० जास्त. यातून रंग आणि क्रोम वगळा, गाडी कागदपत्रांसकट २४,३०० मध्ये चालू झाली असती.

गेल्या मे महिन्यात ती सुरू झाली. पॉइंटमध्ये ०.४ मिलिमीटर फट ठेवली, पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल, आणि सातव्या किकला इंजिन बोललं. दोन्ही सायलेन्सरमधून आधी जुन्या तेलाचा धूर, मग स्वच्छ आवाज. घरी नेली. बाबा ७८ वर्षांचे आहेत, चालवू शकत नाहीत. मी डबा उघडून झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, "हे कुठे होतं?" मग म्हणाले, "सील कितीला मिळालं?" मी आकडा सांगितला. "तेव्हा एवढं नव्हतं," म्हणाले. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर यादीत नवी ओळ होती. तारीख, आणि पुढे 'सील बदललं.' अक्षर थोडं मोठं झालंय, ओळ मात्र सरळ.

टाकीवरचा पट्टा मी पुन्हा मारून घेतलेला नाही. पेंटर तसाच काढून देतो म्हणाला होता. नको म्हटलं. तो त्याचा पट्टा झाला असता.

तेव्हा घरी जाऊन ताडपत्री काढाल तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी कागद. मग प्रत्येक डबा, झाकण, सीटखालचा कोपरा उघडून बघा आणि फोटो काढा. मग इंजिन, मग ब्रेक, मग वायरिंग. गाडी हजार किलोमीटर चालवा. रंग सगळ्यात शेवटी. आणि पेंटरकडे नेण्याआधी, ती गाडी ज्यांनी चालवली ते घरात असतील तर त्यांना एकदा विचारा, यातलं काय ठेवायचं?

मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.