वळणापलीकडचा माणूस

दापोलीहून समुद्रकाठच्या बुरोंडीकडे उतरणारा रस्ता कोकणातील इतर रस्त्यांसारखाच अरुंद आणि वळणावळणांचा आहे. अशा रस्त्यावर बहुधा पदपथ नसतो. एस. टी., पाहुण्यांच्या मोटारी, शाळेस निघालेला सायकलस्वार आणि मासळीची पाटी घेतलेली बाई, सर्वांची वाट एकच. सबब येथे सुरक्षितता म्हणजे वळणापलीकडच्या, न दिसणाऱ्या माणसाचा विचार होय.

प्रथम मोटार चालविणाऱ्याविषयी. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते; आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. पावसाळ्यात ते आणखी वाढते. म्हणून जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. एकेरी रस्त्यावर तर त्याच्या निम्म्यातच, कारण समोरच्यासही थांबण्यास जागा हवी. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, कारण सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. दोन गाड्यांना जागा नसेल तेथे उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी, हा नियमच आहे.

28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरास निघालेली बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. त्यातून एकच जण वाचला. अनेक घरे एका दिवसात उघडी पडली. दरीच्या कडेला चूक सुधारण्यास अवकाश उरत नाही, एवढे तरी त्या दिवसाने सर्वांस शिकवावे.

सायकलस्वाराने डावी बाजू सोडू नये व जोडीने गप्पा मारीत जाऊ नये. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवावा. रात्री पुढे दिवा व मागे तांबडी चकाकी असावी. ती नसल्यास सायकल अंधारात दिसतच नाही.

पादचाऱ्याने पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे. रात्री पांढरे वस्त्र आणि हाती विजेरी असावी. एस. टी.तून उतरल्यावर तिच्या पुढून धावत रस्ता ओलांडू नये. गाडी निघून जाऊ द्यावी. दोन मिनिटांचा खोळंबा कोणाचेही नुकसान करीत नाही.

इतके करूनही अपघात घडलाच, तर बघ्यांची गर्दी करण्यापेक्षा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळजण मागे सरतात. परंतु 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

रस्ता कोणा एकाचा नव्हे. वळणापलीकडे आपल्याच घरचे कोणी येत आहे, असे धरून जो चालतो, त्याला नियम जड वाटत नाहीत.