आयेच्या हातात मोबाईल
(मसुरे येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)

आज बचत-कर्जाचं बोलणार नाही, अध्यक्षताईंना विचारून ठेवलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलबद्दल बोलायचं आहे. पहिली चूक माझीच सांगते.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. सासरे मुंबईला कारखान्यात होते, त्यांच्यामागे आयेला पेन्शन येते. रक्कम थोडी, पण ती तिची स्वतःची. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. एका वर्षी मशीनवर अंगठा उठेचना. जन्मभर लावणी केली, काजू फोडले, बोटांवर रेषा उरतील कुठे? मालवणच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या, पेन्शन थांबली. मग कळलं, २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप मोबाईलात घ्यायची, आधार नंबर आणि पेन्शनची माहिती भरायची, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे. आमच्या पडवीत बसून काम झालं.

पण केलं कोणी? मी. "आये, दी हयसर, मी करतंय," म्हणत मोबाईल तिच्या हातातून ओढला. नेहमी तसंच. मग हाक मारायची, "आये, मेसेजातलो नंबर सांग गो." ती आकडे वाचून दाखवायची.

काही महिन्यांनी बँकेतून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला. त्यानेही आधी कार्डावरचे आकडे विचारले, मग मेसेजातला नंबर. तिने सांगितला. विचारल्यावर नंबर वाचून दाखवायचा, हे मीच तिला शिकवलं होतं ना! ४,२०० रुपये गेले. १९३० वर तक्रार केली, तीही दुसऱ्या दिवशी. असा फोन झाला तर लगेच लावायचा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

सरकारने २०१७ मध्ये गावोगाव डिजिटल साक्षरतेचं प्रशिक्षण आणलं होतं. वयाची अट १४ ते ६०, आणि एका घरातून एकच माणूस. म्हणजे आमची आये तेव्हाच बाद. तिला शिकवणार कोण, आपणच ना? आणि वय झालं म्हणू नका. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या.

मी बँकेपासून सुरुवात केली, तिथेच चुकलं. आयेला त्यात रसच नव्हता. तिला हवी होती आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख. आपल्या भराडीदेवीची जत्रा कॅलेंडरात छापलेली नसते, कौल झाल्यावरच ठरते. ती बातमी मुंबईच्या लेकाला आपणच आधी सांगायची, ही तिची हौस. म्हणून व्हॉट्सॲपवर माईकचं चित्र दाबून धरून बोलायचं शिकवलं. लिहायची भानगडच नाही. चार दिवस बोट आधीच सुटायचं. पाचव्या दिवशी मालवणीत अख्खी बातमी गेली, लेकाला जागा आणि सुनेला दोन शब्दही त्यात!

मग अक्षर मोठं केलं. बोट तिचंच, मी हात मागे बांधून बसायचे. हे फार कठीण जातं हो! ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, सुनेलासुद्धा. पैसे येणार असतील तर पिन लागत नाही. हे दोन्ही तिनेच वहीत लिहिलं. परवा मी सवयीने नंबर विचारला, तर म्हणाली, "तुका कित्याक होयो?"

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने साठीच्या वरची एक तरी बाई आणायची, तिचाच मोबाईल, चार्ज केलेला. शिकवायला आमची आये येतेय. तिने एवढंच विचारलंय, "चाय मिळतली मां?"