दुष्काळातील घरगुती पाणी : एक हिशेब



११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची मालगाडी निघाली व दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोहोचली. तिच्यात धान्य नव्हते, सिमेंट नव्हते. सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. लातूर शहराची सारी भिस्त ज्या मांजरा धरणावर, ते कोरडे पडले होते. पाणवठ्यांवरील तंटे टाळण्यासाठी मार्चमध्येच जमावबंदी लागू झाली होती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली व एका खेपेस सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. 'जलदूत' हे तिचे नाव सर्वपरिचित आहे.

पंचवीस लाख हा आकडा भरघोस वाटतो. परंतु भागाकार करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. म्हणजे भरलेल्या गाडीतील पाणी माणशी साडेसहा लिटर, आणि पहिल्या गाडीतील जेमतेम सव्वा लिटर! शौचालयाची जुन्या पद्धतीची टाकी एकदा ओढली की दहा लिटर जातात. गाडीखेरीज टँकर व विंधनविहिरी होत्या, हे खरे. तरी प्रमाण ध्यानी यावे.

अशा काळात खरा कारभार गृहिणी सांभाळते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, परातीत बसून केलेल्या स्नानाचे पाणी फरशीला व अखेरीस शौचालयास, अशी एकाच पाण्याची तीन-तीन कामे होतात. खळ दिलेली सुती वस्त्रे जादा पाणी मागतात, म्हणून ती कपाटात राहतात. मात्र ज्याच्या गच्चीवर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या आणि ज्याच्या खोलीत चार घागरी, त्या दोघांना एकच निर्बंध सारखा जाचत नाही. शिवाय एक जुनी खोड आहे. नळ आला की कालचे पाणी 'शिळे' म्हणून ओतून दिले जाते! जैन घरांत पाणी गाळून व जरुरीपुरतेच घेण्याचा संस्कार आहे. त्यातील गाळणे टिकले. जरुरीचे माप मात्र बहुतेक घरांतून हरवले.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन नगरपालिकेने हे माप नागरिकांच्या हाती दिले. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर १ फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी दररोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली. नळ बंद करावेच लागले तर रांगेत उभे राहून २५ लिटर मिळतील, हेही आधीच जाहीर झाले होते. स्नान दीड मिनिटात उरकण्याची सवय श्रीमंत वस्त्यांनाही लागली. शेतकऱ्यांनी आपल्या धरणातील पाणी शहरास सोडले, पुढे पाऊसही आला, आणि तो नळ बंद होण्याचा दिवस टळला.

इकडे टंचाईत फलक लागतो, 'पाणी जपून वापरा'. जपून म्हणजे किती? पन्नास लिटर, की शंभर? ठाण फाडण्यापूर्वी मीटरपट्टी लावावी लागते. पाण्याच्या बाबतीत ही पट्टीच नाही. शहरांतील पुष्कळ सोसायट्यांत टँकरचे पैसे सदनिकांवर समान वाटले जातात. दोन माणसांचे घर आणि आठ माणसांचे घर, बिल एकच. कोणाच्या नळातून किती पाणी गेले, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर असलेले अनेक सदस्य या सभागृहात बसले आहेत. येत्या उन्हाळ्याआधी होणाऱ्या सभेत सदनिकेगणिक मीटरचा विषय त्यांनी मांडावा, एवढीच विनंती.