गिअर उशिरा का पडतो?

जुनी ऑटोमॅटिक गाडी. दांडा 'डी'वर टाकला, तरी ती क्षणभर जागची हलत नाही, मग धक्का देऊन निघते. मेकॅनिक म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." थांबा, आधी तेल बघा.

टॉर्क कन्व्हर्टरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळी डिपस्टिक असते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, दांडा 'पी'वर, इंजिन गरम आणि चालू. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मोजतात; गाडीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसा. डाग लालसर असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचा असेल, तर आतल्या क्लच प्लेटा जळत असाव्यात. पातळी कमी दिसली तर गळती शोधा. हे तेल इंजिन ऑइलसारखं सहसा जळून संपत नाही.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, तर दोष सेन्सरचा किंवा वायरीचाही असू शकतो. स्कॅनरवरचा 'पी ०७००' हा कोड फक्त तक्रार नोंदली गेल्याचं सांगतो. नेमका कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधून वाचावा लागतो.

गिअरबॉक्स खोलायला होकार देण्याआधी तो कोड कागदावर लिहून मागा.