छायाचित्राला बसताना

(सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांची छायाचित्रे घेण्याच्या उपक्रमापूर्वी मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



येत्या दोन रविवारी आपल्या मंडळाच्या साठी उलटलेल्या सभासदांची एकेकट्याची छायाचित्रे काढली जाणार आहेत. त्यासाठी कोणती तयारी करावी हे मी सांगावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा आहे. मी छायाचित्रकार नाही, सरकारी नोकर आहे. गेली तीस वर्षे मंडळाच्या गणेशोत्सवात कॅमेरा माझ्या गळ्यात असतो, आणि कचेरीत माणसांची छायाचित्रे चिकटवलेले कागद रोज माझ्या टेबलावरून जातात, एवढाच माझा अधिकार.

हा उपक्रम का योजला, ते आधी सांगितले पाहिजे. स्मरणिकेसाठी १९७५ सालच्या संस्थापक मंडळींची छायाचित्रे गोळा करावयास घेतली. पुरुषांची मिळाली, काही समूहचित्रांतून कापलेली, खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहिलेला. परंतु ज्यांनी हळदीकुंकवापासून कोजागरीपर्यंत घरची पातेली आणून हे मंडळ उभे ठेवले, त्या पहिल्या पिढीतील चार स्त्रियांचे एकही छायाचित्र हाती लागले नाही. एकींच्या चिरंजीवांनी मोठ्या कष्टाने एका लग्नातले चित्र शोधून पाठविले. त्यात त्या पंगतीत वाढत आहेत. पदर दिसतो, हात दिसतो, तुपाचे भांडे दिसते. चेहरा मात्र दिसत नाही.

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसोबत पतिपत्नींचे संयुक्त छायाचित्र द्यावे लागते, हे येथील पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे. अशी छायाचित्रे साक्षांकित करताना अनेकदा विचारतो, आणि उत्तर ऐकून थक्क होतो: लग्नानंतर दोघांनी शेजारी बसून काढलेले ते पहिलेच चित्र असते! नियमाने सक्ती केली म्हणून ते निघाले. एकट्याच्या छायाचित्राची सक्ती करणारा नियम म्हणजे पासपोर्टाचा किंवा ओळखपत्राचा. त्याचा हेतू यंत्राला किंवा शिपायाला माणूस ओळखता यावा, हा. नातवाला आजी ओळखता यावी, यासाठी कोणत्याही खात्याने नियम केलेला नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा संकोच जुना आहे. एकट्याचे चित्र काढले की आयुष्य घटते, तिघांनी मिळून काढू नये, असे आपल्या घराघरांतून म्हणत असत. पणजोबांच्या तसबिरीतला करारी चेहरा पाहून आपण त्यांच्या स्वभावाविषयी अनुमाने काढतो. पण १८३९ साली दागेरची पद्धत जगापुढे आली तेव्हा बसणाऱ्याला काही मिनिटे निश्चल राहावे लागे, आणि मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. इतका वेळ हसू टिकत नाही. पुढे वेगवान काचा निघाल्या, क्षणार्धात चित्र उमटू लागले, तरी चेहरे गंभीरच राहिले. याला मर्यादा म्हणावे की सवय, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपण ज्या सिकंदराबादेत राहतो, तेथे तरी हा संकोच शोभत नाही. राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ याच शहरात होता. रुडकीला शिकलेले हे गृहस्थ मूळचे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले नोकर, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. पुढे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना निर्धास्तपणे चित्र काढून घेता यावे म्हणून त्यांनी १८९२ साली हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालविण्याचे काम एका स्त्रीकडेच सोपविले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडद्यातील स्त्री कॅमेऱ्यासमोर बसली. आमच्या भगिनी मात्र अजून “माझा कशाला?” म्हणून स्वयंपाकघरात जातात.

आता तयारीकडे वळतो. केस कापावयाचे असल्यास आठवडाभर आधी कापावेत. कालच कापलेल्या केसांचा माणूस परका दिसतो. कलप लावणाऱ्यांनीही चार दिवस आधी लावावा, म्हणजे कपाळावर उतरलेला काळा डाग निघून जातो. न लावल्यास अधिक बरे, हे माझे खासगी मत. कपडे नवेकोरे नकोत. एकदोनदा अंगावर घातलेले, खांद्यांत बसलेले असावेत. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा सदरा टाळावा, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखी भलतीच नक्षी उमटते. पांढऱ्या शुभ्र कपड्याजवळ सावळा चेहरा अधिकच काळवंडलेला येतो, म्हणून मोतिया किंवा फिकट निळा बरा. भगिनींनी जरीचा भरगच्च शालू नेसण्याचा मोह आवरावा. जर चमकते, आणि पाहणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जाते. रोज लागते तेवढीच टिकली, रोजचेच मंगळसूत्र. नथ घालावयाची तर हौसेने घालावी; पण तिच्यामुळे चेहरा अवघडत असेल तर ती डब्यातच बरी.

पावडरीविषयी स्पष्ट बोलतो. आपल्या वर्णावर पांढरी पावडर राखेसारखी दिसते, आणि दिव्याच्या झोतात तर फारच. कपाळाचे व नाकाचे तेल स्वच्छ रुमालाने टिपले म्हणजे पुरे. डोक्याला तेलही त्या दिवशी बेताने लावावे.

चष्म्याचा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. जो माणूस चाळीस वर्षे चष्मा लावतो, त्याने तो काढून ठेवला तर घरचे लोकच चपापतात. चष्मा ठेवावा; काचा पुसून आणाव्यात. काचेत दिवा चमकला तर कानांवरच्या काड्या जराशा वर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक जाते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा असतील, तर आत येऊन थोडा वेळ थांबल्यावाचून बसू नये. कवळी लावणाऱ्यांनी ती विसरू नये, हे सांगावयास नकोच, तरी सांगतो.

आपण सभागृहाच्या उत्तरेकडील मोठ्या खिडकीशेजारी खुर्ची ठेवणार आहोत. तेथे ऊन थेट येत नाही. उजेड मऊ असतो. तो एका बाजूने पडला की कपाळ, नाक, गाल यांना उठाव येतो. समोरून लखकन उडणाऱ्या झोतात चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. पुष्कळजण विचारतील, हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग एवढा खटाटोप कशाला? हात लांब करून काढलेल्या चित्रात कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो. त्यामुळे नाक मोठे होते आणि कान मागे सरतात. आमचे छायाचित्रकार सातआठ फुटांवरून, त्यासाठी असलेल्या लांब पल्ल्याच्या भिंगाने चित्र घेतील. आपण एकमेकांना साधारण तेवढ्याच अंतरावरून ओळखत आलो आहोत.

जेवून लगेच येऊ नये, डोळे जडावतात. अर्धा तास आधी यावे, चहा घ्यावा, खिशातल्या किल्ल्या, पेन, मोबाईल काढून ठेवावा. खुर्चीच्या कडेला बसावे, रेलू नये. खांदे थोडे तिरपे, चेहरा कॅमेऱ्याकडे, मान किंचित पुढे आणि हनुवटी जराशी खाली. हे करताना अवघडल्यासारखे वाटते, चित्रात मात्र तसे दिसत नाही. हातांचे काय करावे हे कोणालाच सुचत नाही. ते मांडीवर एकमेकांत सैल ठेवावेत. हसण्याचा हुकूम आम्ही देणार नाही. पहिली पाचसहा चित्रे फुकटच जातात, कारण माणूस तोवर कॅमेऱ्याशी लढत असतो. म्हणूनच प्रत्येकाला पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. शक्य असल्यास गप्पा मारणारे एक माणूस सोबत आणावे. सून उत्तम, नवरा बहुधा सूचना देतो.

चित्रे केवळ संगणकात राहणार नाहीत. प्रत्येकाचा एक कागदी ठसा मंडळाच्या कपाटात राहील. आपल्या घरच्या चिकट पानांच्या आल्बमांतील जुनी रंगीत चित्रे कशी तांबूस पडली आहेत, ते आपण पाहताच. कृष्णधवल चित्रे त्यामानाने टिकली. म्हणून एक ठसा कृष्णधवल काढू. आजच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर नाव, माहेरचे नाव, मूळ गाव आणि तारीख लिहून घेणार आहोत. ही माहिती येताना कागदावर लिहून आणावी.

नावनोंदणीची वही चिटणिसांजवळ आहे. आज सायंकाळपर्यंत तीत एकतीस नावे आली, त्यांपैकी स्त्रियांची सात. ज्या बंधूंनी केवळ स्वतःचे नाव घातले आहे, त्यांच्या नावापुढे मी पेन्सिलीने एक खूण केली आहे. घरी विचारून त्यांनी शुक्रवारच्या आत ती खोडावयास यावे.